त्रान्सितोचा गणंग

आमच्या गावात बाया चालता चालता टोप्या विणतात. पाण्याला निघालेली असो, मेंढ्यांमागे गेलेली असो, नाहीतर दारात उभी राहून शेजारणीशी भांडत असो, हातातली गवताची टोपी काही खाली राहत नाही. काडी ओलसर असेल तरच नीट वळते, म्हणून सकाळच्या धुक्यात आणि संध्याकाळी गारवा आला की सगळं गाव विणायला बसतं. दुपारी ऊन तापलं की काडी तुटते, तेव्हा बाकीची कामं. मीही सहाव्या वर्षी विणायला लागले आणि माझ्याच वयाची त्रान्सितो नुग्रासुद्धा. फरक एवढाच, की मी विणताना गप्पा मारायचे आणि ती मोजायची.

टोपी मध्यापासून सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्यानं वाढते. कुठल्या फेरीत किती काड्या घालायच्या हे आमच्या आया बोटांनी ओळखायच्या, आकडा कुणाला सांगता यायचा नाही. त्रान्सितो आठ वर्षांची असताना आईला म्हणाली, "आई, तुझ्या टोपीत एक्याण्णव काड्या झाल्यात, म्हणजे सात ठिकाणी तेरा तेरा वाटता येतील. शेजारच्या काकूंच्यात सत्त्याण्णव आहेत, त्या कशातच वाटल्या जात नाहीत."

"कशाला वाटायच्यात?" आई म्हणाली. "टोपी आहे, सणाची भाकर नाही."

मका राखेच्या पाण्यात उकडून आम्ही त्याचं मोते करतो, तेच आमचं रोजचं जेवण. त्यात एखादा दाणा कितीही उकडला तरी दगडासारखा राहतो. तो गणंग. ज्या संख्येचे तुकडे पडत नाहीत तिला त्रान्सितो गणंग म्हणायची. सत्त्याण्णव गणंग, एकशे एक गणंग. पुस्तकात त्याला मूळ संख्या म्हणतात हे आम्हाला फिदेन्सियो मास्तरांकडून कळलं.

मास्तरांबद्दल खोटं सांगणार नाही. माणूस गोड होता. काळं जाकीट, खिशाला साखळीचं घड्याळ, सणाला गिटार वाजवायचे, आणि गावातल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांना ठाऊक होतं. शाळा चौथीपर्यंतच होती. त्यापुढच्या दोन इयत्ता त्यांनी मला आणि त्रान्सितोला संध्याकाळी घरी बोलावून शिकवल्या, एक पैसा न घेता. मला शिकवायचे कारण माझं अक्षर छान होतं, त्यांची पत्रं मी लिहून द्यायचे. त्रान्सितोला शिकवायचे कारण त्यांना तिचं खरोखर कौतुक होतं. दर सोमवारी ते तिला एक मोठी संख्या द्यायचे आणि ती शनिवारी तुकडे करून आणायची. संख्या चार आकडी, पाच आकडी, मग सहा. एकदा त्यांनी तिचा कागद उचलून सगळ्या वर्गाला दाखवला. "बघा रे गाढवांनो! ही माझी गणिती." त्रान्सितो मान खाली घालून विणत राहिली, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

तिचा बाप नव्हता. आईनं जन्मात असे कौतुकाचे शब्द काढले नव्हते. मास्तरांनी सांगितलं असतं तर त्रान्सितो डोंगरावरून उडी मारायला निघाली असती, आणि आधी उंची मोजली असती.

सोळाव्या वर्षी तिचं सगळं मन एका गोष्टीवर होतं. कुएन्का शहरात शिक्षिका तयार करणारी शाळा होती. गावोगावच्या मुली तिथं राहून शिकायच्या, चार वर्षांनी सरकारी शिक्षिका होऊन परतायच्या. अट अशी, की एका गावातून वर्षाला एकच मुलगी, वय विसाच्या आत, आणि गावच्या मास्तरांचं शिफारसपत्र हवं. पत्र सप्टेंबरात जायचं.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या जानेवारीत तिनं मास्तरांना विचारलं. मी तिथंच बसले होते.

"पत्र देईन की," मास्तर म्हणाले. "पण नुसतं 'मुलगी हुशार आहे' असं लिहून भागत नाही. सगळेच मास्तर तसं लिहितात. काहीतरी दाखवायला हवं." त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, जरा चाळलं, परत ठेवलं आणि कागदावर एक संख्या लिहिली. २१४७४८३६४७. "दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हिचे दोन तुकडे पडतात. ते शोधून आण. पत्राला जोडून पाठवू. तिकडचे लोक बघतच राहतील."

"पडतात ना नक्की?" तिनं विचारलं.

"मी सांगतोय ना!"

तिनं कागद घडी करून झग्याच्या आत ठेवला.

त्याच महिन्यापासून ती सकाळी शाळेत जायला लागली. मास्तर तालुक्याच्या कचेरीतही लिहिण्याचं काम करायचे, दहा वाजता घोड्यावर बसून निघायचे ते तीनला परत. मधल्या वेळी पहिली ते तिसरीची त्रेचाळीस पोरं त्रान्सितो सांभाळायची. पगार नाही. "अनुभव म्हणून पत्रात लिहीन," मास्तर म्हणाले होते. पोरं तिच्यावर खूश होती. पाढे ती टोपीवरून शिकवायची.

उरलेल्या वेळात ती आणि ती संख्या. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की हिच्यात एक मिळवला तर सगळी दोनांचीच रास होते, एकतीस वेळा दोन. मला येऊन सांगितलं, पण त्याचं पुढे काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. मग तिनं सरळ रस्ता धरला. संख्येचे दोन तुकडे पडत असतील तर त्यातला एक तरी लहान असणार, शेहेचाळीस हजार तीनशे एक्केचाळीसच्या खाली. म्हणजे त्याखालचा एकेक गणंग घ्यायचा आणि भाग जातो का बघायचं. पण गणंगांची यादी कुठाय? तीच तिनं आधी बनवली. टोप्यांचा दलाल गठ्ठ्यांना जो खाकी कागद गुंडाळायचा तो मागून आणला, त्यावर सगळे विषम आकडे मांडले आणि कोळशानं खोडत बसली. तिनाच्या पटीतले खोड, पाचाच्या, साताच्या. नाताळ आला तेव्हा यादी झाली. चार हजार सातशे ब्याण्णव.

पण सप्टेंबर त्याच्या आधी आला.

मास्तरांनी मला निरोप पाठवला. मला वाटलं, पत्र लिहून द्यायचं असेल. ते शाळेच्या ओसरीवर कॉफी पीत होते. म्हणाले, "ओबदुलिया, यंदा तुझं नाव पाठवतोय. बापाला सांग, ट्रंक घ्यायला."

मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही, आधी आनंदच झाला. मग म्हटलं, "आणि त्रान्सितो?"

"तिची संख्या कुठं फुटलीय अजून? तिला वेळ आहे. विसापर्यंत चालतं."

मी पत्र नीट अक्षरात लिहायला आत बसले. मेजावर तेच पुस्तक होतं, आणि मी ते उघडलं ते निव्वळ भोचकपणानं. पानाचा कोपरा दुमडलेला होता. तीच संख्या होती. खाली लिहिलं होतं, ही मूळ संख्या असल्याचं पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे.

मी पुस्तक घेऊन बाहेर आले. "मास्तर, ही तर गणंग आहे."

ते दचकलेसुद्धा नाहीत. कपातला शेवटचा घोट घेतला. "हो."

"मग तिला का दिली?"

"तिला नाद लागतो, लागू दे. नाद असलेलं माणूस चांगलं असतं." मग, जणू मी मोठी असल्यासारखं मला म्हणाले, "हे बघ, ती गेली तर त्रेचाळीस पोरं कोण बघणार? तू गेलीस तर माझं काही अडत नाही. मी तिचं वाईट करतोय असं समजू नकोस. दोन-तीन वर्षांनी दुसरी कुणी तयार झाली की हिला पाठवीन." आणि हात पुढे केला. "आण ते इकडे. सही करायचीय ना तुझ्या पत्रावर?"

मी पुस्तक दिलं आणि पत्रही. त्यांनी सही केली आणि शिक्का मारला.

जायच्या दिवशी त्रान्सितो घाटापर्यंत माझी ट्रंक धरून आली. तिनं मला एक टोपी दिली, इतकी बारीक विणलेली की अंगठीतून जावी. म्हणाली, "तू नीट शिक. मी पुढच्या वर्षी येतेच. माझी खाट तुझ्या शेजारी ठेवायला सांग." मी "सांगते" म्हटलं.

पुढच्या वर्षी ती आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. एका सप्टेंबरात मास्तरांनी कुणालाच पाठवलं नाही, एकदा तलाठ्याची भाची गेली. त्रान्सितो रोज चार भागाकार करायची. संध्याकाळी कागदावर भागाकार, दुसऱ्या दिवशी सकाळी विणता विणता तोंडी ताळा. चूक सापडली तर तो आकडा पुन्हा. दर दोन महिन्यांनी तिचं पत्र यायचं. "तीन हजारांच्या पुढे गेले." "काल आठ हजार एकशे एक्याण्णवनं भाग जवळजवळ गेला, बाकी नुसती एकतीस उरली. मी रडले. आई म्हणाली, कोण मेलं?" "नऊ हजार झाले. आता भाजक पाच आकडी होतील, जरा वेळ लागेल."

आणि मी उत्तर लिहायचे. माझं अक्षर छान होतं. "शाब्बास. थांबू नकोस." चार वर्षांत हे मी किती वेळा लिहिलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण एकदाही दुसरं काही लिहिलं नाही. सुरुवातीला भीती होती, तिनं आरडाओरडा केला तर माझं पत्र रद्द होईल. नंतर ती भीती उरली नव्हती. नंतर एवढंच होतं, की आता सांगितलं तर ती विचारेल, तेव्हा का नाही सांगितलंस.

दुसऱ्या नाताळाला मी घरी आले तेव्हा तिच्या खाटेखाली खाकी कागदांचे गठ्ठे लावलेले होते, गवतानं बांधून. तिनं माझ्यासमोर गरम मोते ठेवलं.

"कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"येतो की. परवा तर वाटलं, कागद पेटवून त्यावरच मोते शिजवावं." ती हसली. "पण मास्तरांनी दिलीय म्हणजे फुटत असणार. न फुटणारी कशाला देतील गं?"

माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत राहिले.

त्रेपन्न सालच्या जुलैमध्ये मी प्रमाणपत्र घेऊन परत आले. आल्या आल्या मास्तरांना भेटायला शाळेत गेले, कारण नेमणुकीच्या कागदावर त्यांची सही लागायची. त्या दिवशी परीक्षा होत्या आणि कुएन्काहून तपासनीस आले होते, चष्मा लावलेले, बारीक आवाजाचे एक गृहस्थ. पोरं बाहेर अंगणात खेळत होती. आम्ही तिघं वर्गात बसलो होतो, तेवढ्यात त्रान्सितो दारात आली. डोक्यावर गठ्ठा, हातातही गठ्ठा. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"बरं झालं तू आहेस!" मग तपासनिसांना पाहून ती थबकली. "मी नंतर येते मास्तर."

"हो, नंतर ये," मास्तर घाईनं म्हणाले.

पण तपासनिसांनी विचारलं, "ते काय आहे एवढं?"

त्रान्सितोनं मास्तरांकडे पाहिलं. मला नंतर उमगलं की त्या क्षणी तिला त्यांचीच काळजी वाटत होती. मास्तर चुकले होते असं तिला वाटत होतं, आणि परक्या माणसासमोर ते सांगायचं कसं? ती हळूच म्हणाली, "मास्तरांनी एक संख्या दिली होती फोडायला. ती फुटत नाही साहेब. गणंग आहे. म्हणजे, मूळ संख्या. काल शेवटचा भागाकार झाला, शेहेचाळीस हजार तीनशे सदतीसचा. बाकी एक्केचाळीस हजार सातशे एकोणीस. मास्तरांच्या पुस्तकात चूक असेल," ती घाईनं म्हणाली, "पुस्तकं छापणारे करतात चुका."

तपासनिसांनी वरचा कागद घेतला. दुसरा घेतला. मधलाच एक ओढून काढला आणि खिशातली पेन्सिल घेऊन एक भागाकार पडताळून पाहिला. बराच वेळ गेला. मास्तर घड्याळाला किल्ली देत होते.

"किती आहेत हे?"

"चार हजार सातशे ब्याण्णव."

"सगळे तूच केलेस? पण बाई, ही संख्या तर... अहो मास्तर, ही त्या अंकगणिताच्या पुस्तकात आहे. खात्यानं प्रत्येक शाळेला दिलंय ते." त्यांनी मास्तरांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि पुस्तक काढलं. कोपरा दुमडलेलाच होता, पान आपोआप उघडलं. "हे बघा. मूळ संख्या. स्पष्ट लिहिलंय."

त्रान्सितोनं वाचलं. ती हळूहळू वाचायची, बोट ठेवून. वाचून झाल्यावर तिनं दुमडलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तिथंच राहू दिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं. मग त्यांनी असं काही केलं जे मी त्या माणसाकडून कधी अपेक्षिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मला एकट्यालाच काय विचारतेस? ओबदुलियालाही माहीत होतं. पहिल्या वर्षापासून. ती तुझी मैत्रीण ना? ती तरी कुठं बोलली?"

बाहेर पोरं ओरडत होती. त्रान्सितोनं माझ्याकडे पाहिलं. ती काही विचारणार असं वाटलं, मी उत्तरसुद्धा शोधायला लागले होते. पण तिनं विचारलं नाही. ती तपासनिसांकडे वळली.

"साहेब, त्या माणसानं सिद्ध कसं केलं? त्यानंही चार हजार केले?"

"छे छे. शंभरसुद्धा नाहीत."

"शंभर? कसे?"

बिचारे तपासनीस. त्यांना नीट कळलं नव्हतं काय चाललंय, पण शिकवायचं म्हटल्यावर ते खुलले. फळ्यावर लिहून त्यांनी सांगितलं. एकतीस वेळा दोन, वजा एक. अशा संख्येचा कुणी भाजक असलाच तर तो बासष्टच्या पटीत एक मिळवूनच आलेला असतो. त्यावर आठाची आणखी एक चाळणी लावली की बाकीचे सगळे बघायचीच गरज उरत नाही. बासष्टच का, हे ते सांगत होते आणि अर्ध्यातच त्रान्सितो म्हणाली, "कळलं." पुढचं वाक्य तिनंच पूर्ण केलं. तपासनीस खडू हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

"रोज चार," ती म्हणाली. "म्हणजे तीन आठवडे."

मग तिनं कागद गोळा केले. एक बाकाखाली गेला होता, तो मी उचलून दिला. तिनं घेतला.

तपासनिसांनी तिला थांबवलं. "तुझं वय काय?"

"मार्चमध्ये एकवीस पूर्ण झाली."

ते हळहळले. "अरेरे. दोन वर्षांपूर्वी अर्ज का नाही केलास?" तिनं गठ्ठा डोक्यावर घेतला. तरीही त्यांनी वही काढून तिचं नाव लिहून घेतलं आणि शहरात जाऊन खटपट केली, हे मला ठाऊक आहे. तीन महिन्यांनी उत्तर आलं की नियमाला अपवाद करता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. पोरं तिच्या दारात जाऊन उभी राहिली, तिनं त्यांना परत पाठवलं. मास्तरांचं महिन्याभरात कठीण झालं, कारण त्रेचाळीस पोरं आणि कचेरी दोन्ही त्यांना जमेना. पण त्यांची बदली झाली ती एका मोठ्या गावी, मोठ्या शाळेवर, पगारही वाढून. तिकडे लोक त्यांना फार मानायचे म्हणतात. आमच्या शाळेत रिकाम्या झालेल्या जागेवर सरकारनं मला नेमलं.

मी त्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्रान्सितोचं घर शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे.

ती काही वाया गेली नाही, तसं कुणी समजू नये. टोप्यांचा धंदा पडला तरी तिच्या बारीक टोपीला गिऱ्हाईक होतं. तिसाव्या वर्षी तिनं एका गवंड्याशी लग्न केलं. माणूस चांगला होता, थोडा पिणारा, पण चांगला. दोन मुलगे झाले, दोघंही पुढे इथल्या अनेकांसारखे न्यूयॉर्कला गेले आणि हॉटेलांत भांडी घासून आईला घर बांधून दिलं. समोरासमोर आलो की ती मान हलवायची, जशी कुणालाही हलवतात. देवळात माझ्या शेजारी जागा रिकामी असली तर बसायचीही. बोलायची मात्र नाही.

एकसष्ट साली मी धीर करून तिच्या दारात गेले. सकाळ होती, ती उंबऱ्यावर विणत होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं, भीती वाटली, लहान होते, पत्र रद्द झालं असतं, रोज मनाला खातं. तिनं पुरतं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"मास्तरांचं मला कळतं," ती म्हणाली. "त्यांना त्रेचाळीस पोरं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तू गप्प राहिलीस तेही कळतं, तुला जायचं होतं. पण तिकडे पोचल्यावर? तुला कोण परत पाठवणार होतं? तू मला लिहायचीस, थांबू नकोस. दर वेळी. तुला काय हवं होतं गं ते लिहिताना?"

मी आठ वर्षं उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही ह्या प्रश्नाचं नव्हतं.

"नसेल सांगता येत तर राहू दे," ती म्हणाली. "ऊन आलंय, काडी तुटेल." आणि टोपी घेऊन आत गेली.

माझ्या वर्गातल्या पोरांना गणित अडलं की ती तिच्याकडे जायची, हे मला उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी वहीत असं सुंदर उत्तर असायचं की मला वाचायलाच वेळ लागायचा. ती कुणालाच नाही म्हणायची नाही. माझी मुलगीही जायची. मी विचारायचे, "काय म्हणाली मावशी?" मुलगी सांगायची, "काही नाही, अपूर्णांक शिकवले." माझ्याबद्दल काही विचारलं का, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

एकदा मी फळ्यावर एक अवघड उदाहरण घातलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, हात मागे बांधून. "बाई, ह्याला उत्तर आहे ना?"

"असणारच की."

"नाही, म्हणजे तुम्हाला माहीत आहे ना? त्रान्सितो मावशी म्हणते, आधी विचारून घ्यायचं. जो देतो त्याच्या तोंडाकडे बघून विचारायचं."

पोरगी खरोखरच माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळा वर्ग बघत होता. मी म्हटलं, "आहे. बेचाळीस आहे." आणि उदाहरण सोडवायच्या आधीच उत्तर सांगितल्याबद्दल पोरं हसली.

गेल्या लेंट उपवासाच्या दिवसांत त्रान्सितो गेली. सत्त्याहत्तर वर्षांची होती. मुलगे वेळेवर पोचू शकले नाहीत, म्हणून सगळं तिच्या पुतण्यानं केलं. तो शहरात वाढलेला, त्याला गावातले जुने लोक ठाऊक नव्हते. देवळाबाहेर मी काठी टेकून उभी होते, तेव्हा तो माझ्याकडे आला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं की ह्या बाई गावच्या शिक्षिका होत्या, बोलतील छान.

"आजी, तुम्ही दोन शब्द बोलाल का आत? तुम्ही काकूच्या लहानपणच्या मैत्रीण ना?"

लोक आत जायला लागले होते. मी शाल सारखी केली.

"एका वर्गात होतो," मी म्हटलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.